मालवणची शेवंड आणि अण्णांचे ताट

वाचकहो, घरात वयस्कर आणि आजारातून उठलेले माणूस असले, की स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद चिकटतो. त्यावर ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ असे दोन रकाने असतात. आपल्याही घरी तो असेल. आमच्या घरच्या कागदावरचा दुसरा रकाना वर्षभरात इतका लांबला, की पहिल्यात भाकरी, मुगाची खिचडी, दुधी आणि ताक एवढेच उरले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वयाने चौऱ्याऐंशी. दीड वर्षापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, एक स्टेंट बसला, आणि प्रकृती सावरलीही. परंतु जेवणावरची वासना मात्र परतली नाही. ५८ किलोचे वजन पाहता पाहता ४९ वर आले. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागू लागले. आम्ही आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी तो कागद शांतपणे वाचला आणि मला विचारले, “हे सारे कोणी ठरवले?” खरे सांगायचे तर डॉक्टरांनी मीठ आणि तळण कमी करा, एवढेच सांगितले होते. बाकीचे सारे आम्हीच, भीतीपोटी, एकेक ओळ करून वाढवले होते.

त्या म्हणाल्या, या वयात वजन घटणे आणि स्नायू झिजणे हा धोका कोलेस्टेरॉलइतकाच गंभीर मानावा. मूत्रपिंडे ठीक असतील तर वृद्धांना रोज किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात. अण्णांच्या पोटात त्याची निम्मीही जात नसावीत. मग त्या अण्णांकडे वळल्या. “तुम्हाला काय खावेसे वाटते, काका?”

अण्णा बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “शेवंड.”

त्या खोलीत तो शब्द मलाच ठाऊक होता. शेवंड म्हणजे लॉबस्टर. पण चित्रांत दिसते तशी दोन जाडजूड नांग्यांची नव्हे. त्या नांग्या थंड समुद्रातल्या लॉबस्टरला असतात. आपल्या कोकणपट्टीतल्या शेवंडीला नांग्या नसतातच. डोक्यावर काट्यांची ढाल आणि अंगाहून लांब अशा दोन मिशा असतात. खडकांच्या कपारीत ती दिवस काढते आणि रात्री चरायला बाहेर पडते. अण्णांचे बालपण मालवणात, मेढा भागात गेले. त्या काळी शेवंड ही काही श्रीमंतांची मिरास नव्हती. जाळ्यात अडकून आलेली एखादी शेवंड शेजारी सहज देऊन जात असत.

पुण्याला परतल्यावर, उत्साहाच्या भरात, मी एका दुकानातून गोठवलेल्या शेवंडीच्या शेपट्या आणल्या. आपण वाचता वाचता हसाल, पण मी त्या अंडी उकडावीत तशा चांगल्या वीस मिनिटे उकळल्या. वयस्कर माणसाला द्यायचे तर नीट शिजलेले हवे, हा माझा हिशेब. ताटात पडले ते पांढरे रबर होते. अण्णांना वरची कवळी आहे. त्यांनी एक घास तोंडात घोळवला, मग हळूच हातरुमालात काढून ठेवला आणि “छान झालंय” म्हणाले. रुमाल मी धुवायला घेतला तेव्हा मला कळले. त्या रात्री मी मालवणला काकींना फोन लावला. अण्णांच्या धाकट्या चुलतभावाच्या त्या पत्नी, वय सत्तरीपार. त्या एवढेच म्हणाल्या, “भावोजींका घेवन ये.”

दिवाळी आटोपल्यावर आम्ही निघालो. हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच निघालो, आणि आपणही लांबच्या प्रवासापूर्वी तसेच करा. विशेषतः लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्यायची, हे जरूर विचारा. रुग्णाला रस्त्यात अवघडून बसावे लागू नये, यासाठी तो एक प्रश्न फार मोलाचा ठरतो. पहिला मुक्काम कोल्हापुरात केला. दुसऱ्या दिवशी राधानगरीवरून फोंडाघाट उतरलो. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून अण्णांना पाच मिनिटे चालवत होते. घाट उतरला तशी हवा जड आणि ओलसर झाली. कणकवली मागे पडल्यावर अण्णांनी काच खाली करायला सांगितली. पुढे मालवण येईपर्यंत ती त्यांनी वर करू दिली नाही.

मालवणला आपण गेलात तर सिंधुदुर्ग किल्ला पाहण्याची ओढ लागेलच. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. पण गुडघे कुरकुरत असतील, तोल जात असेल, तर होडीत चढण्या-उतरण्याचा आणि आतल्या चढउतारांचा मोह टाळावा. दांडीच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसले तरी तटबंदी डोळे भरून दिसते. आम्ही तेच केले. उन्हे कलती होती. होड्या परतत होत्या, वाळूवर पाट्या रिकाम्या होत होत्या, बांगड्यांचे ढीग पडत होते, लिलावाचे आवाज चढत होते. अण्णा वर्षभरात प्रथमच कोणी न सांगता सरळ बसले होते.

शेवंड मात्र या ढिगांत आढळत नाही. ती वेगळी ठेवली जाते, वेगळी तोलली जाते आणि बहुधा जिवंतच थंड पेटीतून गोव्याला, मुंबईला आणि तेथून परदेशी जाते. सिंगापूर-हाँगकाँगच्या बाजारात जिवंत शेवंडीला जो भाव मिळतो, त्याने ती मालवणच्या चुलीवरून केव्हाच उतरवली. ज्यांच्या जाळ्यात ती येते त्यांच्या घरीही ती क्वचितच शिजते. काकींनी आदल्या दिवशी ओळखीच्या घरी शब्द टाकून ठेवला होता म्हणून आम्हाला दोन मिळाल्या. आपण जाल तेव्हा हे ध्यानात असू द्या. आणि १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या शेवंडीची आशा धरू नये.

पाटीत चार होत्या. हिरवट अंगाच्या, शेपटीवर फिकट आडवे पट्टे. काकींनी एक पाठीकडून उचलली; शेपटी पोटाशी चटाचट आपटू लागली, तशी त्या मला म्हणाल्या, “जित्ती असली तरच घेवची. मेलेली फुकट गावली तरी नको.” हा हट्ट नव्हे. कवचधारी जलचर मेल्यावर त्यांचे मांस फार झपाट्याने बिघडते. तरुण माणसाला पोट बिघडण्यावर भागेल. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तीच बाधा शरीरातले पाणी आणि क्षार ओढून नेऊन रुग्णालयाची वाट दाखवते. गावापासून दूर राहणाऱ्यांनी पकडल्याबरोबर गोठवलेली शेपटी घ्यावी, ती रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सावकाश सैल होऊ द्यावी, ओट्यावर उघडी ठेवू नये. अमोनियासारखा उग्र दर्प आला तर पैशांचा विचार न करता टाकून द्यावी.

दुसरी शेवंड काकींनी उलटी करून पाहिली आणि परत पाटीत ठेवली. तिच्या शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा घोस होता. तिसरी लहान होती, तीही नाकारली. या जातीच्या तीनशे ग्रॅमहून लहान शेवंडीच्या निर्यातीला २००३ पासून केंद्र सरकारची बंदी आहे. काकींना तो नियम ठाऊक असावा असे मला वाटत नाही. त्यांच्या सासूबाई अंड्यांची मादी घेत नसत, म्हणून त्या घेत नाहीत. शेवटी चौथी आणि पहिली घेतली. प्रत्येकी चारशे ग्रॅमच्या आसपास. किंमत इथे लिहीत नाही. अण्णांच्या महिन्याच्या औषधांपेक्षा ती कमी होती, एवढे सांगते. कवच, डोके आणि पाय काढले, की चारशे ग्रॅमच्या शेवंडीतून जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम मांस हाती येते. तेव्हा दोघांसाठी एक पुरे.

आता स्वयंपाकघरात चला.

काकींनी दोन्ही शेवंडी प्रथम बर्फात पुरून अर्धा तास ठेवल्या. गारठ्याने त्या बधिर होतात. तडफड होत नाही, जीवाला यातना कमी आणि आपल्या हातालाही काटे लागत नाहीत. शेवंड धरताना जाड फडके हवेच. मधुमेही माणसाने किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. मग डोके आणि शेपटी पिळून वेगळी केली. शेपटीतला मळाचा दोरा काढण्याची त्यांची रीत पाहून मी थक्क झाले. त्यांनी शेवंडीचीच एक मिशी मोडली, तिचे टोक शेपटीच्या शेवटच्या छिद्रातून आत सरकवले, किंचित पिळले आणि ओढले. मिशीवरच्या बारीक काट्यांना अडकून आख्खा दोरा बाहेर आला. सुरी नाही, चीर नाही.

डोक्यातला हिरवट-पिवळा गर काहींना फार प्रिय असतो. आमच्या घरीही त्यावरून एकेकाळी भांडणे झाली आहेत. पण ती त्या जिवाची पाचक ग्रंथी. पाण्यातली दूषिते तिथे साठतात. घरातल्या वृद्धांना, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तो देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काकींनी तो काढून टाकला, डोक्याची कवचे धुऊन, ठेचून, लसणाच्या दोन पाकळ्या आणि हळद घालून वीस मिनिटे पाण्यात उकळली आणि गाळून घेतली. मी पुण्यात शेपटीला दिलेली वीस मिनिटे होती ती या कवचांची. चव तिथे मुरलेली असते; मांसाला तेवढा वेळ लागत नाही.

वाटणाला ओले खोबरे घेतले, पण एरवीच्या निम्मे. खोबऱ्यातला स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो, त्यामुळे हृदयरुग्णाच्या ताटात त्याचा हात आखडता ठेवावा. शेवंड त्या मानाने निर्दोष. धणे, एक बेडगी मिरची, आल्याचा तुकडा, अर्धा कांदा. तिरफळ घालू का, असे मी विचारले तर काकींनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. तिरफळ बांगड्याला; शेवंडीच्या गोडव्यावर ते चढून बसते. मिठाचा डबा मात्र मी हातात धरून उभी होते. तेव्हा त्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला कोणत्याही तक्त्यात सापडली नव्हती: आमसुले करताना कोकमाच्या साली मिठाच्या रसात बुडवून वाळवतात, म्हणजे आमसुलातून मीठ येतेच. शेवंडीच्या अंगातही समुद्राचे थोडे मीठ असते. त्यांनी आमसुले एकदा पाण्यातून खळबळून घेतली, दोनच टाकली, आणि वरून वेगळे मीठ अण्णांच्या वाटीत घातलेच नाही. इतरांनी आपापले पानात घेतले.

रस्सा उकळला, तसे कवच सोडवलेल्या शेपटीचे तुकडे त्यात सोडले. “आता जाळ कमी कर,” काकी म्हणाल्या, “आपणाक रबर करूचा नाय.” पाच-सहा मिनिटे, मंद आचेवर, रस्सा नुसता हलत राहील इतपत. काचेसारखे धूसर मांस सर्वत्र दुधासारखे पांढरे झाले आणि सुरीच्या टोकाने सहज सुटू लागले, की उतरवायचे. मध्यभागी धूसरपणा उरला असेल तर आणखी एक मिनिट; कच्चे चालणार नाही, पण त्यापुढे एकेक मिनिट तंतू आवळत जाते. काकींनी एक रिकामे कवच रश्शात टाकले होते; हिरवे कवच पाहता पाहता तांबडेलाल झाले. तो रंग मुळात त्यात असतोच. प्रथिनाच्या मिठीत तो झाकलेला असतो आणि उष्णतेने मिठी सुटली की उजळतो.

आणि मग वाढणे. वाचकहो, सेवा करणाऱ्यांसाठी खरी गोष्ट इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते. शेवंडीचे तंतू लांबीच्या दिशेने जातात. काकींनी शिजलेला प्रत्येक तुकडा त्या तंतूंच्या आडवा, नखाएवढा कापला. मग स्वच्छ बोटांनी एकेक चाचपला. कवचाचा कपचा किंवा कडेचा चिवट पापुद्रा राहिला असेल तर कवळीखाली टोचतो, घशात अडकतो. भात मऊसर, रस्सा त्यावर पुरेसा, म्हणजे घास कोरडा राहत नाही. अण्णांना पलंगावर टेकून नव्हे, पाय जमिनीला लागतील अशा खुर्चीवर ताठ बसवले. दूरदर्शन बंद. घास लहान, दोन घासांत उसंत, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. हे सर्व काकींनी कोणाला न शिकवता केले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्वांना तसेच वाढले. त्यांच्या स्वतःच्या, माझ्या, नातवाच्या ताटातही तेच नखाएवढे तुकडे. अण्णांचे ताट निराळे दिसले नाही. पुण्यात आम्ही सारे जेवताना त्यांच्यापुढे निराळी वाटी सरकवत होतो, हे मला तिथे, त्या पाटावर बसल्यावर, जाणवले.

ज्यांना पाणी पितानाही ठसका लागतो, आवाज घोगरा होतो, अशा रुग्णांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर विसंबू नका. त्यांची गिळण्याची तपासणी करून घ्या, आणि तज्ज्ञ सांगतील त्या दाटपणाचेच अन्न द्या. सोलकढीही अशांना धोक्याची, कारण पातळ पदार्थ श्वासनलिकेत सहज उतरतो.

आता आपल्या मनातला प्रश्न. कोलेस्टेरॉलचे काय? शिजवलेल्या शंभर ग्रॅम शेवंडीत ते सुमारे ९० मिलिग्रॅम असते. एका अंड्यात त्याच्या दुप्पट. संपृक्त स्निग्धांश अर्धा ग्रॅमही नाही. प्रथिने मात्र २६ ग्रॅमच्या घरात, म्हणजे अण्णांच्या वजनाच्या माणसाची दिवसाची जवळजवळ निम्मी गरज. शिवाय जस्त आणि बी-१२ जीवनसत्त्व. तळलेल्या, लोण्यात बुडवलेल्या शेवंडीला हा हिशेब लागू नाही. मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या तिघांची. ज्यांना कोळंबी किंवा खेकड्याने कधी अंगावर गांधी उठली, ओठ सुजले, त्यांनी शेवंडीच्या वाटेला मुळीच जाऊ नये. तेच प्रथिन इथेही असते, आणि ते शिजवल्याने नाहीसे होत नाही. ज्यांचे युरिक ॲसिड वाढलेले आहे, अंगठ्याचा सांधा रात्री ठणकतो, त्यांनी दुखणे उसळलेले असताना टाळावी. आणि मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिनांचे प्रमाण डॉक्टर ठरवतील, मी किंवा काकी नव्हे.

उरलेला रस्सा? दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून संपवावा. आमच्या घरी तो प्रश्न उद्भवला नाही.

अण्णांनी जेवायला चाळीस मिनिटे घेतली. कोणी घाई केली नाही. अर्धी वाटी भात, शेवंडीचे बहुतेक सर्व तुकडे, आणि शेवटी रश्शात पडलेले ते लाल कवच मागून घेऊन लहान मुलासारखे चोखले. मग पानाकडे पाहत म्हणाले, “वहिनी असती तर म्हणाली असती, मीठ कमी आहे.” वहिनी म्हणजे काकींच्या सासूबाई, त्यांना जाऊन तीस वर्षे झाली.

“मीठ कमी नाय हां, भावोजी,” काकी म्हणाल्या, “तुमची जीभ पुण्याची झाली.” आणि लिंबाची फोड त्यांच्या पानात पिळली.

चार दिवस राहून आम्ही परतलो. एरवी रोज शेवंड कोण खाणार. बाकीचे दिवस बांगडा, मोरी, एकदा पिठले. पुण्याला आल्यावर भिंतीवरचा कागद मी काढला आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे नेला. त्यांच्यासमोर बसून, अण्णांना विचारत विचारत, आम्ही नवा लिहिला. तो आता एकाच पानावर मावतो. मागच्या आठवड्यात वजनकाट्यावर ५१ आले. अण्णांनी चष्मा लावून आकडा स्वतः वाचला आणि विचारले, चैत्रात मालवणला ऊन फार असते का.